बिनाहाताचं बाकडं

माझ्या मायनं आयुष्यात तोंड उघडून एकच वस्तू मागितली. बाकडं. बाबांच्या चौदाव्याला पंगती उठल्यावर माझ्या भावानं जाहीर केलं, की बाबांच्या नावानं दवाखान्याला काहीतरी द्यायचं. भाऊ माझ्याहून लहान, पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तो वॉटर कूलर म्हणाला, व्हीलचेअर म्हणाला. माय भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "बाकडं द्या. बिनाहाताचं. मानसाले आडवं होता आलं पायजे."

हे ती उगाच म्हणाली नाही. वर्षभर बाबांना डायलिसिससाठी अमरावतीला ट्रस्टच्या दवाखान्यात आणावं लागायचं. अचलपूरजवळच्या आमच्या गावाहून पहाटेची एसटी, मग ऑटो, मग चार-चार तास बाहेर बसणं. मायच्या कमरेचा मणका सरकलेला. तासभर बसली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. माझं घर राजापेठेत, मी तिथं गणिताच्या शिकवण्या घेते. मी म्हणायची, माय, घरी येऊन पड. तर म्हणे, "आन् आतून हाक मारली तं?" बाबांना सोडून ती हलायची नाही.

तिथल्या खुर्च्या लोखंडी, दर दोन बैठकांच्या मध्ये एक हात. आडवं व्हायची सोयच नाही. मग माय फरशीवर शाल टाकून पडायची. डोळा लागायचा न लागायचा तोच वॉचमन यायचा आणि खुर्चीच्या पायावर दांडी वाजवायचा. "ओ बुढीमाय, उठा. झोपाचं नाही इथं." माय कमरेवर हात देऊन उठायची. "उठून राहिली ना भौ." चोरी पकडल्यासारखं तोंड करून! मला त्या वॉचमनचा इतका संताप यायचा, की त्याची दांडी त्याच्याच डोक्यात घालावी.

ट्रस्टची नवी इमारत होत होती आणि तिथल्या वेटिंगसाठी सामान हवं होतं. आम्ही दोघं बहीण-भाऊ राजापेठेतल्या दुकानात गेलो. दवाखान्याचं फर्निचर विकणारं दुकान. मालकानं आम्हाला थेट चकचकीत तीन सीटच्या स्टीलच्या खुर्च्यांपुढं उभं केलं. "एअरपोर्टवर हेच असते, ताई."

"आमी का विमानाची वाट पाहून राहिलो काय?" मी म्हटलं. "बिनाहाताचं दाखवा."

तो हसला. मागं गोदामात नेलं. तिथं एक लांब लाकडी बाकडं धूळ खात पडलं होतं. ना हात, ना पाठ, नुसती सरळ फळी. "हे शाळेत जाते. दवाखान्यात शोभत नाही."

शोभत नाही! मी पदर खोचला आणि त्या बाकड्यावर सरळ आडवी झाले. भाऊ म्हणाला, "ताई, ऊठ, लोक पाहून राहिले." पुण्यात वीस वर्षं काढली तरी घाबरला की ह्याची वऱ्हाडी बाहेर येते. मी म्हटलं, "पाहू दे. आता तू त्या एअरपोर्टवर झोपून दाखव." तो काही झोपला नाही. पण खरं सांगते, पडल्या पडल्या कंबर अशी मोकळी झाली, की मला मायची आठवण येऊन रडूच आलं.

भाऊ म्हणाला, आधी ट्रस्टच्या मॅनेजरला विचारू. मॅनेजर टेबलामागून म्हणाला, "हात नसले की लोक झोपतात. एक झोपला की तिघं उभे राहतात." बरं, ह्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, मग चार बाकडी जास्त देतो, भिंतीला लावा. तर म्हणे, "मॅडम, हा दवाखाना आहे, एसटी स्टँड नाही."

"परतवाड्याच्या स्टँडवर माझी माय दोन तास झोपली, तिले कोणं उठवलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या इथंच उठवते."

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. इथं गाय घेणारा गाय देणाऱ्यालाच दात दाखवत होता. आणि माझा भाऊ? मान हलवत होता. मॅनेजरकडं पाहून, माझ्याकडं नाही.

बाहेर आल्यावर त्याला विचारलं, बाकडंच घ्यायचं ना? तो म्हणाला, "हो गं, पाहतो." रात्री मायला फोनवरही त्यानं सांगितलं, "तुझं बाकडं पक्कं." माय मला म्हणाली, "पोरगं ऐकते माह्यं." मीही भैताडासारखा विश्वास ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी मायला घेऊन मी नव्या वेटिंगमध्ये शिरले आणि पाहते तर काय, एअरपोर्ट! स्टीलच्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, सगळ्यांना हात, आणि प्रत्येकीच्या पाठीवर पितळी पाटी. पाटीवर बाबांचं नाव, त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ', त्याखाली भावाचं नाव. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "काय रे हे?"

"ताई, समजून घे. त्या बाकड्याला पाठच नाही. पाटी लावणार कुठं?"

बापाच्या नावाला पाठ पाहिजे म्हणून ह्यानं मायच्या पाठीचा विचार सोडून दिला. मी म्हटलं, "स्वतःच्या कपाळाले लावाची होती!" भोवतीचे लोक वळून पाहायला लागले. भाऊ म्हणाला, "हळू बोल." मी हळू बोलायला जन्मलेच नाही.

मायनं मात्र पाटीवरून एकदा हात फिरवला आणि बसली. प्रमुख पाहुणे वरूडहून निघाले, आता पोचतीलच, असं माईकवर सारखं सांगत होते. संत्र्याचं सरबत झालं, चहा झाला, पाहुण्यांचा पत्ता नाही. मायचा चेहरा पांढरा पडत चालला. एकदा या कुशीवर वळली, एकदा त्या. मधला हात बरगडीत रुततच होता. मी पाणी आणायला गेले.

परत आले तर माय खाली. बाबांच्या नावाच्या खुर्च्यांपुढं फरशीवर शाल टाकून, भिंतीकडं तोंड करून पडलेली. आणि तिच्या डोक्याशी तोच वॉचमन, नवी वर्दी, तीच दांडी. खुर्चीच्या पायावर टक्‌टक्.

"ओ बुढीमाय, उठा. झोपाचं नाही इथं."

मायनं डोळे न उघडताच म्हटलं, "उठून राहिली ना भौ."

मी धावले, पण भाऊ माझ्या आधी पोचला. गळ्यात हार, हातात रिबिनीची कात्री. "अहो, काय करता! ही माझी आई आहे!"

वॉचमननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उद्धटपणा नव्हता, खरंच समजत नव्हतं त्याला. "साहेब, इथं झोपते ते कोणाची ना कोणाची मायच रायते. मले सांगेल हाये, उठवा म्हणून."

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली आणि माईकवर 'पाहुणे आले' झालं. वॉचमन दाराकडं पळाला. भाऊ मायला उठवायला वाकला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

"जाय तू," ती म्हणाली. "तुह्या बाबाचं नाव उघड. मी पडतो इथंच."