उपासाचं पीठ

त्या नवरात्रातली ती सकाळ आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. तिसगावच्या पुढच्या एका गावातून डॉक्टरांचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. आदल्या दिवशी भगरीच्या पिठाच्या भाकरी खाल्लेल्या अकरा बायकांना उलट्या होत होत्या, हातपाय थरथरत होते. त्यांतली एक सात महिन्यांची गरोदर होती.

अन्न निरीक्षक नगरहून निघाले होते. पण ते पोचायच्या आत फराळाला पुन्हा घरोघरी तवे चढणार होते. पीठ सुटं घेतलेलं, पुडीवर नाव नाही, पावतीचा तर प्रश्नच नाही. मी दवाखान्यात गेलो, तर दुकान कुठलं, हे बायका सांगेनात. एकतर देवीच्या उपासाच्या अन्नाला नावं ठेवायची भीती, त्यात दुकानदार भावकीतला.

गरोदर पोरीच्या सासूला बाजूला घेतलं. म्हणाली, "साहेब, आमाला गावात ऱ्हायाचंय."

"मावशी, सून राहिली तर राहाल ना?" मी जरा कडकच बोललो. तिनं नाव सांगितलं.

दुकानदार म्हणाला, माल ताजाच आहे. त्याच्याही कपाळाला कुंकू, नऊ दिवसांचा उपास. मी म्हटलं, "मग आज याच पिठाची भाकरी माझ्यासमोर खा."

तो पुटपुटला, "आमच्या घरी भगर निवडून, धुऊन घरीच दळत्यात."

एवढं बोलला आणि पुढचं आपोआप बाहेर आलं. गेल्या वर्षीची ओल लागलेली भगर त्यानं नव्यात मिसळून दळली होती. पीठ कुणाकुणाला दिलं, हे त्यालाही आठवेना. पोलिसांनी सांगितलं तर लोक अफवा म्हणतील, म्हणून देवळातल्या माईकपुढे त्यालाच उभं केलं. तासाभरात चावडीपुढे पिठाचे डबे जमले. नमुने सीलबंद झाले, गुन्हा दाखल झाला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पोरगी आणि पोटातलं बाळ, दोघंही धोक्याबाहेर आहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासू मात्र भिंतीला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "मळतानाच वास आल्ता, साहेब. उपासाचं हाय म्हनून बोलले न्हाई."

बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय दावं हातात न घेणारी आपली माणसं. उपासाचं म्हटलं की डोळे मिटून पुडी घेतात. त्या माउलीला मी दोष दिला नाही. माझ्याही घरी पीठ सुटंच यायचं, आणि कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं.