दहा हातांचं डेक: चिखला ते सानगडी

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात गणवेशाच्या बाह्या कापत होते. "वर्षा, चिखल्याले येशीन का? नावेचं वरचं झाकण खोलून आनाचं आहे. राजूची पिकअप आहे." लोकांच्या मैत्रिणी महाबळेश्वरला बोलावतात. माझी मैत्रीण मँगनीजच्या खाणीवर बोलावते. मी लगेच हो म्हणाले, कारण शाळांचे कपडे शिवून शिवून मला खाकी रंगाची स्वप्नं पडायला लागली होती.

आधी प्रकरण काय ते सांगते. कल्पना माझी साकोलीच्या शाळेतली मैत्रीण. सानगडीच्या पलीकडच्या एका गावात, मासेमारी करणाऱ्या घरात दिली आहे. नवरा हैदराबादला कामावर, घरात ती आणि तिचे सासरे. गावच्या तलावात बायकांच्या बचत गटानं शिंगाडा लावलाय. पण शिंगाडा तोडायला पाण्यात जायचं तर पुरुषांचे डोंगे मागावे लागतात. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पुरुषांची जाळी काढून झाली की मग तो रिकामा होतो, आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं.

म्हणून कल्पनानं गटाच्या मागे लागून एक जुनी फायबरची नाव घ्यायला लावली. घेतली खरी, पण ती नुसती खालची बॉडी होती, वरचं डेक नव्हतंच. डेकशिवाय बॉडीच्या भिंती लटलट हलतात आणि चार बायका एका बाजूला झुकल्या की पाणी आत. तिचे सासरे पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईनं म्हशीले पानी पाजाले हौद घेतला." गटातल्या बायकाही कुजबुजायला लागल्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास शिंगाडा सुरू होतो. तोवर नाव पाण्यात उतरली नाही तर बॉडी विकून टाकायची, असं बैठकीत ठरलं होतं. कल्पनाचा शब्द गटात राहणार की नाही, ते त्या डेकवर अवलंबून होतं.

डेक शोधून काढलं तिच्या भावानं, बबननं. तो चिखल्याला खाणीच्या मालाचे ट्रक चालवतो. तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारात बंद पडलेल्या बोटिंगची एक नाव पडली होती. बुड फुटलेलं, डेक धडधाकट. राजू आमचा तिसरा वर्गमित्र, भंडाऱ्यात गाड्यांचे फायबरचे बंपर जोडतो. त्यानं फोनवर एकच प्रश्न विचारला.

"माप घेतलं का वं?"

"आमची बॉडी दहा हात. बबननं तिकडचं मोजलं, थेही दहा हात."

"मंग जमलं."

रस्त्याचं सांगते. भंडाऱ्याहून मोहाडीमार्गे तुमसरचा रस्ता बरा आहे, मधले काही पट्टे सोडले तर. कल्पना आदल्या रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. आम्ही सकाळी लवकर निघालो, म्हणजे मी लवकर तयार झाले आणि राजू त्याच्या वेळेला आला. दोन्ही बाजूला धान निसवायला लागला होता, लोंब्या नुकत्या बाहेर डोकावत होत्या. तुमसरला बाजाराजवळच्या गाड्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री मागताना "कमी तिखट" म्हणू नका, गाडीवाला तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघतो. पुढे गोबरवाहीकडे वळलं की रस्त्याच्या कडा हळूहळू काळ्या होत जातात. झाडांची पानं, टपऱ्यांचे पत्रे, कुत्री, सगळ्यांवर मँगनीजची बारीक धूळ. पांढरे कपडे घालून जाऊ नका. मी घातले होते.

बबन आम्हाला वसाहतीच्या फाट्यावर घ्यायला आला. हा माणूस दारातून वाकून जातो, इतका उंच. त्यानं बहिणीला एका हातानं गाडीतून उतरवलं आणि थेट आवारात नेलं. तिथे आणखी एका फुटक्या नावेची नुसती बॉडी दिसली. तिच्यात पाणी भरलेलं, आणि दोन पोरं त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होती.

"हे का होय?" कल्पनानं विचारलं.

"हौद," बबन म्हणाला. "मस्त काम देते."

राजूला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. कल्पनानं पदर खोचला आणि पाना मागितला.

डेक खोलणं म्हणजे डब्याचं झाकण काढणं असं मला वाटलं होतं. कडेच्या रबरी पट्टीखाली बोल्टांची रांग, आणि प्रत्येक बोल्ट गंजून आपल्या नटाशी एकजीव झालेला. राजू ग्राइंडरनं डोकी उडवत होता, कल्पना पाना धरत होती, आणि मी बादलीनं पाणी मारून ठिणग्या विझवत होते, म्हणजे बहुतेक पाणी राजूवर मारत होते. बोल्ट संपले तरी डेक हलेना. आत चिकटवणीचा थर होता. मग बबननं लाकडाच्या पाचरी केल्या आणि आम्ही चौघं चार बाजूंनी थोड्या थोड्या ठोकत फिरलो. एकाच ठिकाणी जोर लावला तर फायबर तडकतं, हे राजू इतक्या वेळा ओरडून सांगत होता की शेवटी बबन म्हणाला, "अबे, तू बंपर जोडतं का भाषन देतं?" आणि तेवढ्यात कर्र करून एक बाजू सुटली. त्यानंतर बाकीचं डेक दुपारच्या जेवणाआधी मोकळं झालं.

एक फार महत्त्वाची सूचना: फायबर कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि तोंडाला फडकं बांधा. मी इतरांच्या बाह्या शिवते आणि स्वतः अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गेले. ती काचेसारखी धूळ कातडीत अशी शिरते की दोन दिवस खाजवत बसावं लागतं. चोळायचं नाही, थंड पाण्यानं धुवायचं आणि चिकटपट्टी लावून ओढायची. बबनच्या क्वार्टरच्या अंगणात आम्ही तिघं एकमेकांच्या हाताला चिकटपट्ट्या लावून ओढत होतो आणि शेजारीण बघत होती. तिनं आम्हाला काय समजलं असेल देव जाणे. बबनच्या बायकोनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या होत्या. एका हातानं खाजवत आणि दुसऱ्या हातानं वड्या खात तो दिवस मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी डेक पिकअपवर चढवलं. टोक केबिनच्या वर, मागे लाल फडकं. तुमसरपर्यंत आम्हाला रस्त्यानं जो भेटला त्यानं अंदाज केला. एकाला ते मंडपाचं छत वाटलं, एकाला विमानाचा तुकडा. गिरणीच्या रस्त्यावर एका म्हातारबाबांनी गाडी थांबवूनच विचारलं, "कोनाची मूर्ती होय? तोंड कुठे आहे?"

हसत होतो, पण मनात धाकधूक होती. गाडीनं वेग घेतला की वारा टोकाखाली शिरायचा आणि डेक दोरासकट वर उचलायचं. कल्पना दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान काढून बघायची. शेवटी राजूनं एका राइस मिलपुढे गाडी लावली. तिथले हमाल चहा पीत होते. त्यांनी दोर बघितला आणि त्यातला एकजण म्हणाला, "हे कोनं बांधलं? झोका बांधला का?" राजूनं माझ्याकडे बोट दाखवलं. मुळात बांधलं त्यानंच होतं.

त्यांनी डेक उतरवून पालथं केलं, दोर फुलीसारखा आवळला आणि वरून कोंड्याची पोती ठेवायला सांगितलं. पोती फुकट कशी मिळणार? कल्पनानं घासाघीस करून ती विकतच घेतली. "म्हशी खातीन," ती म्हणाली. "मामाजीले सांगू, तुमच्या म्हशीचीच सोय पाहून राहिली." सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. हमालांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यांच्या बांधणीवर आमचं डेक वैनगंगेचा पूल ओलांडताना जरासुद्धा हललं नाही. पुढे लाखनीजवळच्या ढाब्यावर थाळी खाल्ली, भात पुन्हा पुन्हा वाढतात. साकोलीहून सानगडीकडे वळल्यावर रस्ता अरुंद होतो, समोरून ऊस किंवा तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गाडी आली तर एकानं शेतात उतरायचं. डिझेल आम्ही तिघांत वाटून घेतलं. मोठी गाडी भाड्यानं केली असती तर दुप्पट गेले असते.

गावात शिरलो तेव्हा पारावर सासरे होतेच. त्यांनी डेककडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं. "झाकन आलं. म्हंजे आता हौदात कचरा नाई पडनार." सगळा पार हसला. कल्पनानं मान खाली घालून पोती उतरवली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, गटातल्या सगळ्या बायका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमलेल्या असताना, आम्ही डेक उचलून बॉडीवर ठेवलं.

ते मोठं होतं. मागून जवळजवळ हातभर बाहेर, आणि दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं.

आम्ही पुन्हा उचललं, पुढे सरकवलं, मागे सरकवलं. मग राजू खाली बसला आणि म्हणाला, "कल्पना, बॉडी कोनाच्या हातानं मोजली?"

"माझ्या."

"अन् हे?"

ती उत्तर द्यायच्या आधीच सगळ्यांना कळलं. तिचा हात आणि दारातून वाकून जाणाऱ्या बबनचा हात! जाळ्यांची मापं या घरांत पिढ्यान् पिढ्या हातानंच घेतात, कारण जाळं विणणारा आणि वापरणारा एकच असतो. दहा म्हणजे दहा. आणि मी, दिवसभर गळ्यात टेप घालून फिरणारी बाई, तो टेप दुकानात खुंटीला लावून आले होते. मला इतकी लाज वाटली की अंगाची खाज विसरले.

बायकांमध्ये कोणीतरी म्हणालं, "मी म्हनलंच होतं." कल्पना पाळीच्या पलीकडे जाऊन बसली. मी मागे गेले. ती रडत होती, तोंडावर पदर न घेता, सरळ. "दोन दिवस तुमाले राबवलं," ती म्हणाली. "गटाचे पैसे, राजूची गाडी. मले कायले हौस पडली होती?" मी नुसती शेजारी बसून राहिले.

इकडे राजू नावेभोवती फिरत होता. "रडू नको वं," तो ओरडला. "लहान असतं तं फेकाच लागलं असतं. मोठं आहे. मागचं कापून टाकतो. बाजूचीच फट हाय, थिच्यात का भरू थे सांग."

तेवढ्यात सासरे पाळीसमोरच्या पारावरून उठले आणि घराकडे निघून गेले. मला रागच आला, आता चार लोकांना सांगत सुटतील म्हणून. ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोन लांब, जाडजूड हिरवे बांबू होते. गोठ्यासाठी आणून ठेवलेले. त्यांनी एक बांबू बॉडीच्या बाहेरून, डेकच्या बाहेर आलेल्या कडेखाली धरून बघितला. चार बोटांची फट, चार बोटांचा बांबू.

"घाला मधात," ते राजूला म्हणाले. "अन् बोल्ट आरपार मारा. बांबू पान्यावर तरंगते, नाव डुलनार नाई." मग सुनेकडे न बघता, "गोठ्याचं मंग पाहू."

राजूनं मागचं कापलं, कडा बांबूवर बसवल्या, बोल्ट मारले आणि जोडांवर रेझिनचा चिकट रस आणि मॅट, म्हणजे काचधाग्यांचं कापड, यांचे थर दिले. मॅट मी कापली. या वेळी गटातल्या एकीकडून टेप मागून घेतला, उशिरा का होईना. उन्हात ते वाळेपर्यंत गटातल्या बायकांनी मासोळीचा रस्सा आणि भात आणला. मघाशी "मी म्हनलंच होतं" म्हणणारीनं मला दोनदा वाढलं.

दुपारनंतर नारळ फोडला आणि नाव पाण्यात ढकलली. कल्पना आधी चढली, मग चार बायका, मग टोपल्या. सगळ्या मुद्दाम एका बाजूला झुकल्या. पाणी आत आलं नाही. कल्पनानं लांब काठी तळाला टेकवली आणि नाव शिंगाड्याच्या वेलांकडे नेली. मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि डोळे पुसले, हेही लिहून टाकते.

मी भंडाऱ्याला परत आले तेव्हा गणवेशांचा ढीग तसाच होता. हात अजून चुरचुरत होते. सहल म्हणून विचाराल तर बघण्यासारखं काही फार नाही पाहिलं, सानगडीचा किल्लासुद्धा लांबूनच. पण एवढी हसले आणि एवढी घाबरले तीन दिवसांत, तसं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मैत्रिणीनं खाणीवर बोलावलं तरी जावं, असं माझं मत झालंय.

दसऱ्यानंतर एका सकाळी दुकान उघडत होते, तर कल्पनाचा फोन. मागे बायकांचा गलबला, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, आणि म्हाताऱ्या माणसाचा सूर, "डावीकडे घे सूनबाई, तिकडे दाट आहे." "दिसते मामाजी, तुमी बसा उगे," ती म्हणाली.

"काय गं, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. तलावाच्या मधात आहे मी. इथून कधी कोनाले फोन केला नव्हता ना, म्हनून केला."

मग तिनं फोन पाण्याजवळ धरला. ती पाणी ऐकवत होती, मी ऐकत होते.