दुसऱ्या दिवसाच्या फिती

अर्धे कपडे दोरीवर चढले होते, अर्धे पिळे होऊन बादलीतच पडले होते आणि वाटाड्या ओल्या चादरीचं टोक शोधत उभा होता, तेवढ्यात फाटक वाजलं. बायकोचे गुडघे आखडल्यापासून वाळत घालणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

"दादा, हात पुसा. जरा बोलायचंय," तपासनीस म्हणाली.

वाटाड्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पस्तीस वर्षं त्याने मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले. देव एकेकाला एकेक देणं देऊन पाठवतो. कुणाला गळा, कुणाला हात. याला दिशा दिली होती. डोळे बांधून फिरवला तरी उत्तर कुठे ते बोट दाखवून सांगायचा, म्हणून नकाशा घेऊन रानात धावणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींनी हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतर दीड वर्ष खपून त्याने शहरापलीकडच्या जंगलात तीन दिवसांची स्पर्धा आखली होती. नकाशा आणि होकायंत्र घेऊन नेमलेली ठिकाणं एकामागून एक शोधत पळायचं, जो आधी परतेल तो पहिला. पावणेतीनशे माणसं येणार होती, त्यात दहा-बारा वर्षांची पोरंही एकेकटी धावणार. तीन आठवडे उरले होते.

यात एक रीत असते. आखणारा आधी प्रत्येक ठिकाणी झाडाला क्रमांकाची कागदी फीत बांधून येतो. मग तपासनीस एकटीच नकाशा घेऊन निघते, आखणाऱ्याला चकार शब्दाने विचारत नाही. नकाशाने नेलं तिथे फीत सापडली तर ते ठिकाण पक्कं.

"दुसऱ्या दिवसाच्या बावीस फिती नाहीत जागेवर," ती म्हणाली.

वाटाड्या हसला. "बावीस? अगं, एखादी म्हणालीस तर विचार तरी केला असता. चकवा लागला असेल तुला. पोळ्या लाटायचं सोडून जंगलात फिरलं की असंच होतं."

"पोळ्या नवरा लाटतो माझा. चला, दाखवते."

तीसेक वर्षांपूर्वी होकायंत्र कसं धरायचं ते तिला यानेच शिकवलं होतं, म्हणून हा टोमणा तिने हसण्यावारी नेला. पण गाडीत बसताच तिने दुसऱ्या दिवसाचा नकाशा त्याच्या मांडीवर ठेवला, आणि याने तो न बघताच खिशात घातला.

जंगलाच्या त्या भागात खड्डेच खड्डे आहेत, एकासारखा एक, एकाच साच्यातून काढल्यासारखे. वाटाड्या पुढे झाला. नकाशा खिशातून काढलाही नाही. "मीच काढलाय तो. मला काय दाखवणार?" दहा मिनिटांत त्याने पहिली फीत गाठली. "ही बघ! आहे की नाही?"

"फीत आहे. आता नकाशा बघा."

नकाशात खड्ड्याच्या काठावर मोठा दगड होता. इथे दगड नव्हता. वाटाड्याने नकाशा फिरवला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दगडाचा खड्डा पलीकडे होता, सत्तर-ऐंशी पावलांवर. फिती बांधताना त्याने नकाशा उघडलाच नव्हता. पाठ आहे म्हणून पायांवर सोपवलं होतं. आणि पुढचं प्रत्येक ठिकाण मागच्यापासून पावलं मोजून धरलेलं. विणकामात एक घर सुटावं आणि खालपर्यंत सगळी वीण सरकत जावी, तसं झालं होतं.

"चूक झाली," तो म्हणाला. "माणसाकडून होते. उद्या बांधू नव्याने."

"बांधू. आधी पुढच्या ठिकाणी न्या मला."

तो वळला. आणि उभाच राहिला. झाडं तीच होती, पण कुठलंच झाड त्याला ओळख देईना. होकायंत्राची सुई एक सांगत होती, मन दुसरं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सुई खोटी वाटली. "डावीकडे," तो शेवटी म्हणाला.

तपासनीस हळूच म्हणाली, "दादा, तिकडूनच तर आलो आपण."

तो तिथेच एका पडलेल्या बुंध्यावर बसला. तिनेही घाई केली नाही.

"क्लबात काय सांगणार आहेस?"

"फितींचं लिहावंच लागेल मला. बाकीचं तुमचं तुम्ही सांगा. पण दादा, सगळी शंभर ठिकाणं आता दुसऱ्या कुणीतरी मुळापासून बघायला हवीत, आणि तेवढे दिवस नाहीत आपल्याकडे. एखादं पोर बरोबर खड्ड्यापाशी जाऊन तिथे नसलेली खूण शोधत बसलं आणि अंधार पडला तर?"

पाय मुरगळला म्हणावं, डोळे आले म्हणावं, असं बरंच काही ओठांवर येऊन गेलं. देवापुढे आणि नकाशापुढे खोटं टिकत नाही, एवढं त्याला कळत होतं.

घरी बायको दारातच बसली होती. त्याने सगळं सांगितलं. ती दचकली नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"तुला माहीत होतं?"

"दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या गिरणीतून घरी यायला दीड तास लावलात. हातात पिठाचा डबा, आणि मला म्हणालात, मित्र भेटला."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? रोज दिवा लावताना म्हणायची, देवा, स्पर्धा होईपर्यंत तेवढं सांभाळ. नाही ऐकलं त्याने."

ती डॉक्टरांचं नाव काढेल म्हणून तो थांबला. तिने काढलं नाही.

मग त्याने क्लबाच्या चिटणीसाला फोन लावला. स्पर्धा रद्द करा, म्हणाला, आणि का ते एका दमात सांगितलं. "बरं," चिटणीस म्हणाला, "पण नकाशे आजच छापायला मशीनवर चढणार होते ना? छापखान्यात फोन कुणी उचलत नाही."

वाटाड्याने चपला घातल्या. बायको भिंतीला धरून उठली, म्हणाली, "मी येते बरोबर." तो नको म्हणाला नाही.

छापखाना पाचला बंद होतो. त्याआधी जाऊन छपाई थांबवायची होती.