यॉर्कच्या तटावरची आक्का

आक्काला प्रेक्षणीय स्थळ दाखवायला नेणं म्हणजे शुद्ध मनस्ताप. इंग्लंडातल्या यॉर्कच्या त्या भल्यामोठ्या चर्चसमोर मी आ वासून उभी, तर ही विचारणार, "एवढं झाडतं कोण?" संग्रहालयातली चांदीची भांडी बघून तिला आधी घासणाऱ्या बाया आठवल्या. मी वैतागायचे, पण तिच्याशिवाय एकटी कुठे गेलेही नाही.

यॉर्कला शिकताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची, मी हिंगोलीची. तिच्या घरी मेंढरं. आठ वर्षं नर्सची नोकरी करून ती सार्वजनिक आरोग्य शिकायला आली होती. वयानं मोठी, म्हणून आक्का. आई लवकर गेल्यावर धाकट्या बहिणीला, मंगलला, तिनंच वाढवलं होतं. आमच्या खोलीत माझ्यापेक्षा मंगलचंच नाव जास्त निघायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी शहराभोवतीच्या जुन्या तटावरून फिरायचं ठरलं होतं. निघताना तिच्या वडिलांचा फोन आला. मंगलला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. बाळ अडलं होतं, ऑपरेशनला घेत होते. मला वाटलं, बेत रद्द. पण खोलीत बसून जीव जाईल, चल, म्हणाली.

तटाच्या पायऱ्यांवर तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग वेणी, कोटाची बटणं, माझ्या मफलरची गाठसुद्धा. बाई अडली की घरातल्या गाठी सोडतात, कुलपं उघडतात, हे मलाही ठाऊक होतं. पण नर्सबाईनं? मी चिडलेच.

"काहून चिडून राहिलीस? मला समदं कळतंय," ती म्हणाली. "पण इथून माझ्या हातात दुसरं काय हाय?"

त्या थंडीत कोट उघडा टाकून, नाड्या फरफटवत ती चालत राहिली. तिचा पाय अडकू नये म्हणून मी खाली बघत मागून. शहर कुणी बघितलंच नाही. फोन वाजत नव्हता.

अंधारून आलं तसा एक म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. संध्याकाळी तट बंद करतात. कुलूप दिसताच आक्का लोखंडी दार धरून मधोमध उभी राहिली. म्हाताऱ्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी मी इंग्रजीत म्हणाले, हिची बहीण मरायला टेकली आहे, थोडं थांबा.

त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. आक्कानं मात्र माझ्याकडे वळून बघितलं. जित्या माणसाबद्दल असं अभद्र आमच्याकडे कुणी बोलत नाही.

फोन आला तेव्हा दार उघडंच होतं. मुलगी झाली होती. मंगल गेली होती.

आक्का रडली नाही. मीच पायऱ्यांवर बसून, मी असं का बोलले, एवढंच घोकत होते. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड वर केलं.

"येडी हायस का? बोलल्यानं कुणी मरत न्हाई. आन दार उघडं ठेवल्यानं कुणी वाचत न्हाई. लई रगत गेलं तिचं. मी नर्स हाय, मला इचार."

दिवसभर जिच्यावर जीव टांगला होता ती समजूत तिनं माझ्यासाठी मोडून टाकली, आणि तीही बहीण गेल्यावर पाच मिनिटांत. एवढं मोठं मन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शिक्षण सोडून निघाली. मंगलची लेक आता साखऱ्यात तिच्याजवळ आहे. आम्ही फोनवर बोलतो, त्या संध्याकाळविषयी कधीच नाही. म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हटलेलं ते वाक्य मराठीत मी आज पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहितानाही हात थांबला.