आत्याचा गरम पाण्याचा टब

माझ्या थोरल्या आत्याइतकी रागीट बाई भीमेच्या दोन्ही काठांना दुसरी झाली नसेल. तिचा राग माणसांपुरता नव्हताच. उतू गेलेल्या दुधाला ती ‘लाज न्हाई वाटत?’ असं विचारायची. एसटी उशिरा आली की तळेगाव ढमढेऱ्यापासून कंडक्टरला फैलावर घ्यायची आणि वडगाव रासाईला उतरताना ड्रायव्हरला बजावायची, “तुमच्यासाठीबी हुतं ते!” रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्या माणसाशी तर तिचं रोजचं भांडण होतं. तो बिचारा पुण्यात बसून वाचत असे, आणि इकडे आत्या त्याला वांगी कशी पिकवतात ते सुनावत असे.

दोन हजार सालाच्या आसपास मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दौंडच्या डॉक्टरांनी गरम पाण्यात बसवून हातपाय हलवायला सांगितलं. त्याच सुमारास नदीकाठचं एक फार्महाऊस विकलं गेलं आणि नव्या मालकानं तिथला गरम पाण्याचा टब बाहेर काढून ठेवला. मोटर, हिटर, पाणी फिरवणारे पाइप, सगळं त्याला जोडलेलंच होतं. आत्यानं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परसात आणला. “म्हशीला एवढी मोठी गव्हाण?” असं शेजारच्या आप्पांनी विचारलं. त्यानंतर आप्पा बोलावल्याशिवाय परसाच्या बाजूला फिरकले नाहीत.

टब भरला, बटण दाबलं. मोटर घरघरली, हिटरचा तांबडा दिवा लागला आणि थोड्या वेळानं विझला. पाणी बोअरमधून आलं होतं तसंच गार. आत्यानं दौंडला माझ्या ऑफिसात फोन केला. रिसीव्हर टेबलावर ठेवला तरी पलीकडच्या खोलीतल्या साहेबांना ऐकू जाईल असा तिचा आवाज. मी सुट्टी टाकून गेलो. टबाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तिनं माझ्या अंगावर फेकलं आणि डोक्याशी उभी राहिली. मी दुसरं पान उलटेपर्यंत तिचा धीर सुटला. “तुला इंग्रजी येतं, मग हिटर का येत न्हाई?”

शिरूरहून मेकॅनिक आला. त्यानं हिटर बदलला. नवा हिटरही तसाच पेटून विझला. आत्यानं त्याला विचारलं, “दोन्ही हिटर मेले, आन् तू तेवढा जित्ता?” तो सामान गोळा करून निघून गेला. मग वायरमनला बोलावलं. त्यानं व्होल्टेज बरोबर आहे असं सांगितलं, तेव्हा तो खोटं बोलतो असं तिनं ठरवलं. मोटर चालत होती, पण टबातल्या भोकांतून पाण्याची धार म्हणावी तशी येत नव्हती. मामा खुर्चीत घोंगडी पांघरून हे सगळं बघत बसलेले. त्यांच्याकडे नजर गेली की आत्याचा आवाज आणखी चढायचा.

शेवटी तिनं टबालाच शिव्या द्यायला सुरुवात केली. “माणूस तिकडं लाकूड व्हाया लागलाय आन् तू हितं नखरे करतोस?” असं म्हणून तिनं कोपऱ्यातलं झाकण उपटलं, आतलं गाळणीचं नळकांडं ओढून काढलं आणि पेरूच्या झाडावर भिरकावलं. ते आदळलं तशी बोअरच्या पाण्याची पांढरी खपली त्यातून भसाभस गळली. इकडे मोटरनं एक मोठी ढेकर दिली, भोकांतून जोरात पाणी सुटलं आणि तांबडा दिवा लागला तो लागलाच. गाळणी चोंदल्यामुळे पाणी फिरत नव्हतं आणि पाणी फिरत नाही म्हणून हिटर आपोआप बंद पडत होता. पुस्तकात ते लिहिलं होतं, चौथ्या पानावर.

गाळणी लिंबाच्या पाण्यात भिजत घातली. दुपारी मी आप्पांना बोलावून आणलं आणि आम्ही दोघांनी मामांना धरून टबात उतरवलं. पाणी गुडघ्याच्या वर आलं मात्र, मामांचा चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले आणि कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज बाहेर पडला.

“अगं… बटाटं… उकडती का?”

आम्ही दोघं आत्याकडे बघत राहिलो. तिला उलट बोललेलं खपत नसे. मामा धडधाकट होते तेव्हा एवढ्यावरून अख्खा दिवस भांडण चाललं असतं. तिनं घाईघाईनं गार पाण्याची बादली ओतली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “अजून बोला.”

मामा बोलले. शब्द तुटत होते, एकमेकांवर पडत होते, पण राग स्पष्ट होता. आत्या टबाच्या कडेला बसून ‘व्हय, व्हय’ म्हणत होती. मी दौंडची जीप गाठायला निघालो, तेव्हा तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढचे हिवाळे मामांनी तसेच काढले, पाण्यात बसून तिला बोलत. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. परवा मी तिला विचारलं, एवढं काय बोलायचे गं ते?

“निम्मं कळायचंच न्हाई रं,” ती म्हणाली, आणि बराच वेळ पदर नीट करत राहिली.