खुब्यातला गोळा

आई गेली, तिची राख तुम्ही घरी आणलीत. पण तिच्या खुब्यात बसवलेला धातूचा गोळा कुठे गेला, हे विचारलंत का कधी? नाही ना? कानवालीनंही नव्हतं विचारलं. आणि तिला तर अक्कल असायला हवी होती.

कानवाली म्हणजे भंगाराच्या गोदामात धातू निवडणारी बाई. तुकडा ऐरणीवर आपटायचा, नाद ऐकायचा, त्या-त्या पिंपात टाकायचा. विमानाच्या इंजिनाची तुटकी पाती असोत की लेथवरची झिजलेली हत्यारं, कोबाल्ट कुठं दडलाय ते तिचा कान सांगे. फोनच्या बॅटऱ्या तेवढ्या ती आपटत नसे, स्फोट झाला तर कानच जायचा. गाड्या बॅटरीवर धावायला लागल्या तसे कारखाने कोबाल्टपायी जीव टाकू लागले. भाव चढला आणि मालकाची नजर मेलेल्यांवर गेली. दाहिन्यांतून पोती यायला लागली. राखेतून वेचलेले खुबे, गुडघे.

तिच्या आईचा खुबाही कोबाल्टचाच. उठताना कट् वाजायचा. आली घोडागाडी, असं लेक चिडवायची. म्हातारी फणकारायची, "तुझ्या अख्ख्या गोदामापेक्षा माझं कंबरडं भारी आहे. मेल्यावर तुझ्या मालकाला विकू नकोस म्हणजे झालं." लेकीनं हसत शब्द दिला होता. पुढं रडण्याच्या नादात फक्त राख घेऊन घरी आली.

त्या दुपारी पोत्यातला पहिलाच गोळा तिनं आपटला. कट्. आई खाटेवरून उठली होती. गोळा तिनं मांडीवर ठेवला. खात्रीसाठी दुसरा आपटला. कट्. तिसरा. कट्. जन्मात न चुकलेला कान, आणि त्याला आता सगळे गोळे सारखेच. तिनं हात आवरला. आवाज थांबेना. पोतं जागच्या जागी होतं, आत कुणीतरी एकेक पाऊल टाकत होतं.

धातू वितळवायची भट्टी तापल्यावर मालक पोतं न्यायला आला. ती पोत्यावर बसलेली, यात माझी आई आहे म्हणाली. तो गोडीत म्हणाला, तुझ्या आईचा गोळा घे, बाकीचे सोड.

"कुठला घेऊ?" ती म्हणाली. "सगळ्या आईच आहेत."

ती अजून तिथंच बसली आहे. खालून पावलं वाजतायत. एकटीच्या वजनानं पोतं किती दबणार? तुमची आई जिथं जाळली तिथं आजच जा, तिचा गोळा मागा. नाही दिला, तर तडक गोदामात या आणि कानवालीशेजारी पोत्यावर बसा.