परत केलेली हवेची गादी

कऱ्हाडात मी चाळीस वर्षं गाद्या भरल्या. शाळा तिसरीपर्यंतच, पण कापूस मुठीत घेतला की जुना किती, नवा किती हे न तोलता सांगायचो. कुणी गादी परत आणली तर त्याच्यासमोर शिवण उसवायची, आणि चूक आपली असेल तर पैसे तिथल्या तिथं त्याच्या हातावर. माल परत आला, व्यवहार मिटला. मला एवढाच हिशोब ठाऊक होता आणि त्याचा मला ताठा होता.

बायको खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, पाठीला जखमा होतील, हवेची गादी आणा. गादीवाल्याच्या घरात विकतची गादी! दोन दिवस मी ऐकलंच नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ‘आख्खं कऱ्हाड निजवलंत, आता माझी पाठ तेवढी बघा.’ तिच्या कमरेखाली लाल चट्टा उठला होता. मी सांगलीची एसटी धरली.

खिशात क्रेडिट कार्ड होतं. मुलाच्या सांगण्यावरून घेतलेलं. मुलगा सांगलीत राहतो, कुपवाडला एका शेडमध्ये लेथ मशीनवर काम करतो. ‘अब्बा, अडीअडचणीला असू द्या,’ म्हणाला होता.

गादी नऊ हजारांची, कार्डावरच घेतली. घरी आणून पंप लावला, तर एक बाजू फुगेचना. चौथ्या दिवशी परत घेऊन गेलो. दुकानदारानं कुरकुर न करता ठेवून घेतली. मी हात पुढं केला.

‘चाचा, रोख नाही देता येत. कार्डावरनं घेतलीय, पैसे कार्डावरच जाणार. पंधरा-वीस दिवस धरा. आणि पंपाचं खोकं फोडलंय, त्याचे पाचशे कापावे लागतील.’

‘पंप लावल्याबिगर गादी फुगती व्हय रं?’

तो हसला. नियम आहे म्हणाला. पावती घेऊन मी निघालो, पण ते पाचशे मी मनातनं कबूल केलेच नाहीत. पुढं दुसरी गादी मुलानंच आणली. कितीला पडली ते त्यानं सांगितलं नाही.

नंतर मोबाईलवर नऊ हजारांचं बिल आलं. मुलगा रविवारी आला होता, त्यानं बघितलं.

‘भरून टाका अब्बा. दुकानाचे आले की तुमच्याच कार्डावर जमा होतील. सगळे नसले तर निदान किमान रक्कम तरी. मी भरू का?’

‘गादी दुकानात पडलीया आन पैसं मी भरू? माझं मी बघतो.’

त्यानं मोबाईल माझ्या हातात परत दिला. माझ्यापुढं तो कायम गप्पच बसत आलाय.

दुकानाचे पैसे आले, पण मुदत उलटून गेल्यावर, आणि पाचशे कमी. राहिलेल्यावर दंड चढला, दंडावर व्याज. बँकेचे फोन यायचे. एका पोरीला सुनावलं, ‘बाई, तुमचं काय खाल्लेलं न्हाई मी.’ मग असले नंबर बंद कसे करायचे ते शेजाऱ्याकडून शिकून घेतलं. सात महिने मी भरलं नाही. पैसे नव्हते असं नाही. कपाटात होते.

तेवढ्यात मुलाच्या शेडचा मालक थकला. लेथ विकायचं म्हणाला, आणि आधी मुलालाच विचारलं, कारण बारा वर्षं त्यावर मुलाचाच हात. मुदत दिली पंधरा दिवसांची. त्या दिवशी मुलगा फोनवर आईला म्हणाला, ‘अम्मी, आता दुसऱ्याची चाकरी बास.’ इतकं मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. लेथच्या कर्जाला घर तारण लागणार होतं. घर माझ्या नावावर, म्हणून अर्जावर माझंही नाव. इस्त्रीचा शर्ट घालून मी मुलासोबत बँकेत गेलो.

साहेबानं मुलाचे कागद बघून मान डोलावली. मग माझं पॅन कार्ड घेतलं आणि स्क्रीनकडं बघत राहिला.

‘चाचा, तुमचा स्कोर पाचशे साठ आहे. यात नाही बसत.’

‘स्कोर म्हंजी?’

‘उचललेले पैसे वेळेवर फेडता का, त्याचे मार्क. सात महिन्यांची थकबाकी दिसतीय कार्डावर.’

‘माल परत केलाय मी. पावती हाय माझ्याकडं.’

‘माल दुकानानं परत घेतला. तुमच्या वतीनं पैसे बँकेनं भरले होते. ते वेगळं.’

मुलानं माझ्याकडं बघितलं. ‘अब्बा, भरलं न्हाई तुमी?’ आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर मी भांडलो असतो.

त्याच दिवशी दंडासकट सगळं भरलं. ‘आता वाढवा मार्क,’ म्हणालो. साहेब म्हणाला, नोंद राहते. दर महिन्याला थोडं वापरा, मुदतीआधी सगळं भरा, वर्ष-दीड वर्षात सुधारेल. लेथच्या मुदतीतले सहा दिवस उरले होते. मुलगा आणखी दोन ठिकाणी जाऊन आला. माझा आकडा तिथंही पोचला होता.

लेथ मिरजेच्या एका माणसानं घेतलं. शेडही त्यानंच चालवायला घेतली आणि मुलाला पगारावर ठेवलं. तेच मशीन, हातही तोच.

हिची औषधं मी आता कार्डावर घेतो आणि बिल आलं त्या दिवशी भरतो. परवा बँकेतनं कळलं, स्कोर सातशेच्या पुढं गेलाय. मुद्दाम सांगलीला जाऊन मुलाला सांगितलं. तो पायात बूट घालत होता.

‘बरं झालं,’ म्हणाला. डबा गाडीला अडकवला आणि शिफ्टला निघून गेला.